अमळनेरचा टीव्हीवाला कॉम्प्युटर पुण्यातून सांभाळायचा आहे, पण आबांच्या पडद्याला कुलूप लागतं

बोरीकाठ

मंडळी, मी मूळचा अमळनेरचा, नोकरीमुळे पुण्यात. घरी आई आणि आबा दोघंच. दिवाळीत गेलो तेव्हा एक सेकंडहँड छोटा डेस्कटॉप घेतला (८ जीबी रॅम, विंडोज १० प्रो) आणि बैठकीतल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडला. त्यावर कोडी (व्हिडिओ-गाणी लावायचं फुकट ॲप) टाकलं. २ टीबीच्या डिस्कवर घरचं सगळं आहे: ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतली ती, आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर होत्या त्या, आबांची आवडती कीर्तनं, गावच्या आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी. आबा ७४ वर्षांचे. दिवसातून चार तास तरी त्यासमोर बसतात.

कधी आवाज जातो, कधी चित्र अर्धंच दिसतं, कधी कुठली खिडकी मध्ये येऊन बसते. फोनवर सांगून काही होत नाही. "डावीकडे वर बघा" म्हटलं की आबा टीव्हीच्या डावीकडची भिंत बघतात, कारण त्यांच्या हिशेबाने डावीकडे म्हणजे तीच. म्हणून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप चालू केला. घरी असताना लॅपटॉपवरून छान चालला. गेल्या रविवारी ताईच्या लग्नाचा व्हिडिओ चालू होता, मंगलाष्टकं सुरू झाली होती. मी आतल्या खोलीतून आवाज ठीक करायला जोडलो आणि टीव्हीवर लग्न गेलं, पासवर्ड मागणारा निळा पडदा आला. आबा आतल्या खोलीच्या दाराशी आले. म्हणाले, "तुनी बहिणनं लगन चालू व्हतं नि टीव्हीनी कुलूप लाई लिधं!" त्यांना वाटलं त्यांच्याच हातून काही बिघडलं. तीन दिवस त्यांनी रिमोटला हात लावला नाही. ते मला फार लागलं.

प्रश्न दोन. त्यांचं चाललेलं न थांबवता मला तोच पडदा पुण्यातून दिसेल आणि चालवता येईल असं काय आहे? आणि पुण्यातून जोडायला राऊटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची आत यायची वाट, उघडावा लागतो म्हणतात, तो उघडावा का?

भुसावळ_यार्ड

दादा, तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप बनलाच आहे ऑफिससाठी. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसलेला धरतात. तुम्ही बाहेरून जोडलात की तो सगळा कारभार उचलून तुमच्या लॅपटॉपवर येतो आणि खुर्चीसमोरचा पडदा लॉक होतो. ऑफिसात ते बरोबरच आहे, तुमची फाइल शेजारच्याला दिसायला नको. आवाजही तुमच्याकडे येतो, म्हणजे मंगलाष्टकं आतल्या खोलीत तुमच्या लॅपटॉपवर वाजली असतील. जोडणी तोडली तरी तिकडचा पडदा लॉकच राहतो. एक जुगाड आहे, 'टीएसकॉन' नावाची आज्ञा बॅच फाइलमध्ये घालून ठेवायची, ती चालवली की कारभार परत टीव्हीवर जातो. पण मधला तो निळा पडदा टळत नाही.

तुम्हाला हवंय ते व्हीएनसी. केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात तयार झालं आणि पुढे सगळ्यांसाठी खुलं केलं. ते समोरचा पडदा जसाच्या तसा दाखवतं. आबांना जे दिसतं तेच तुम्हाला. टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी दोन्ही फुकट आहेत. एवढंच की व्हिडिओ त्यातून सुरळीत दिसत नाही, अडखळत दिसतो, आणि आवाज येत नाही. दुरुस्तीपुरतं भरपूर झालं.

तापीकाठची

माझी आई शहाद्याला, मी नाशिकला. तिथे क्रोम रिमोट डेस्कटॉप लावलंय दोन वर्षांपासून. गुगल खातं आणि किमान ६ आकडी पिन, एवढंच. पडदा तोच दिसतो, लॉक होत नाही, राऊटरला हात लावावा लागत नाही. ज्यांना फार खटाटोप नको त्यांनी हेच करावं.

मात्र एक गोष्ट मी शिकले ती सांगते. पहिल्यांदा मी न सांगता जोडले आणि बाण हलवला. आई एकटी होती, दुपारची वेळ. तिने घाबरून शेजारच्या काकूंना हाक मारली आणि मग मला फोन: "पोरी, हाऊ बाण आपलेआप फिरी ऱ्हायना!" तिला वाटलं कोणी तरी घरात शिरलंय. आता आमचा नियम पक्का आहे. आधी फोन, ती "हां, कर" म्हणाली की मगच मी जोडते, आणि काय करतेय ते बोलत बोलत करते. आता ती उलट मला सांगते, "थांब, मालिका संपू दे."

गिरणाई

ताई, "थांब, मालिका संपू दे" 😄 आमच्याकडेही हाच हुकूम.

पांझरा_धुळे

३३८९ उघडू नका. कृपा करून उघडू नका.

माझ्या एका मित्राचं धुळ्यात हिशेबनिसाचं दुकान आहे. घरून काम करता यावं म्हणून त्याने तो पोर्ट उघडला. सव्वा महिन्यात सगळ्या फाइल्सची नावं बदललेली आणि पडद्यावर पैशांची चिठ्ठी. बॅकअप त्याच मशीनला लावलेल्या डिस्कवर, तोही गेला. मी नंतर लॉग उघडून बघितला तर चुकीच्या पासवर्डच्या नोंदी मिनिटाला कित्येक, रात्रंदिवस. माणूस नाही, यंत्रं ठोठावत असतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं, विंडोज ७ आणि त्याच्या आधीच्या मशिनींत पासवर्डसुद्धा न लागता आत शिरता येत होतं. तेव्हापासून मी कोणालाही हे करू देत नाही.

३३८९ च्या जागी दुसरा आकडा ठेवला की सुरक्षित, असं काही जण सांगतात. दाराची पाटी बदलून चोर चुकत नाही.

तुमच्याकडे विंडोज १० आहे म्हणता. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात घ्या.

बोरीकाठ

पांझरा दादा, वाचून हातपाय गार पडले. त्या डिस्कवर आजीचा आवाज आहे, दुसरी प्रत नव्हती. आजच एक प्रत करायला घेतली.

आणि तसंही उघडता येत नाही असं दिसतंय. आबांकडून राऊटरच्या पानाचा फोटो मागवला. बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होतो, आणि माझा पत्ता काय हे सांगणारी वेबसाइट दुसराच आकडा दाखवते. इंटरनेटवाल्याला फोन केला तर म्हणाले "सर, तुमचं चालू आहे ना?"

भुसावळ_यार्ड

याला सीजीनॅट म्हणतात. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी शेकडो घरांना एका पत्त्यामागे बसवते. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते त्यासाठीच राखून ठेवलेत. मोठ्या वाड्याचं एकच दार असावं तसं. आतून बाहेर सगळ्यांना जाता येतं, पण बाहेरून कोणी तुमच्या खोलीचं दार ठोठावू शकत नाही. त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग शून्य.

उपाय: दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जाऊन मध्ये भेटायचं. क्रोमवालं तेच करतं. मी टेलस्केल वापरतो, आपल्याच मशिनींना इंटरनेटवरून खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप. ते वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या तंत्रावर चालतं. अमळनेरचं मशीन, तुमचा लॅपटॉप, तुमचा फोन, तिघांवर एकाच खात्याने टाकायचं. मग तिघं एकाच घरात असल्यासारखे वागतात आणि व्हीएनसी त्या आतल्या पत्त्यावर चालतं, बाहेरच्या जगाला ते दिसतच नाही. टेलस्केलचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, राऊटरच्या पत्त्याशी गोंधळ करू नका.

दोन ठिकाणी लोक अडकतात. विंडोजवर 'अनअटेंडेड' हा पर्याय चालू करा, नाहीतर कोणी लॉगिन करेपर्यंत ते जोडतच नाही. आणि टेलस्केलमध्ये प्रत्येक मशीनच्या चावीला (लॉगिनच्या ओळखीला) मुदत असते, साधारण १८० दिवस. टीव्हीच्या मशीनची ती मुदत खात्यात जाऊन बंद करा. मी केली नव्हती. ऐन लग्नसराईत चावी संपली आणि भुसावळचं मशीन गप्प. वडिलांना फोनवरून परत लॉगिन करायला लावलं, पाऊण तास गेला.

केळीची_बाग

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. ७४ वर्षांच्या माणसाच्या टीव्हीला विंडोज कशाला? माउस, कीबोर्ड, अपडेटच्या खिडक्या, हे सगळं त्यांच्यासमोर हवंच कशाला? आमच्या रावेरच्या घरी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, त्यावर लिब्रेएलेक, म्हणजे फक्त कोडी चालवणारी छोटी प्रणाली. चालू केलं की सरळ कोडी, दुसरं काही नाही. आणि पायला एचडीएमआय-सीईसी असतं, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं. साध्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा ही सोय नसते. बाबा बागेतून येतात, हातपाय धुतात, नेहमीचा रिमोट उचलतात. त्यांना समोर कॉम्प्युटर आहे हेही ठाऊक नाही.

मला दुरून पडदा बघावाच लागत नाही. कोडीचा स्वतःचा वेब सर्व्हर आहे, पोर्ट ८०८०, पासवर्ड लावून चालू करायचा. फोनवर कोरे नावाचं ॲप टाकलं की कुठली फाइल चालू आहे ते दिसतं, आवाज कमीजास्त करता येतो, गाणं लावता येतं. टेलस्केल लिब्रेएलेकवरही टाकता येतं. रोग झाल्यावर डॉक्टर पुण्याहून आणण्यापेक्षा रोग होऊच नये असं बघा.

तापीकाठची

बागवाले दादा, अर्धं पटलं. माझ्या आईला मात्र त्याच मशीनवर नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा असतो, भजनी मंडळाची पत्रिका छापायची असते. तिला कॉम्प्युटर आहे हे ठाऊकच नसावं, असं मला नाही वाटत. तिने ६१ व्या वर्षी शिकून घेतलंय.

केळीची_बाग

ताई, मान्य. ज्याच्या त्याच्या घरावर आहे. बोरीकाठ दादांनी आबांना विचारलंय का, त्यांना काय हवं ते?

बोरीकाठ

नाही विचारलं. आज रात्री विचारतो.

चाळीसगाव_घाट

तंत्र सगळं ठीक. एक काळजीची गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आईवडिलांना आपण शिकवतो की "फोन आला, नंबर सांगितला, की दुसऱ्याच्या हातात कॉम्प्युटर जातो आणि काम होतं". ठग नेमकं हेच करतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं: एनीडेस्कसारखं ॲप फोनवर टाकायला लावतात, ९ आकडी नंबर विचारतात आणि खातं रिकामं करतात. ॲपचा दोष नाही, ते चांगलंच आहे, पण विश्वास एकदा सवयीचा झाला की आवाज कोणाचा हे म्हातारी माणसं तपासत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना "तुमचं वीजबिल भरलेलं नाही, रात्री लाइट कापणार" असा फोन आला होता. नंबर वाचून दाखवणार एवढ्यात त्यांची सून घरात आली.

म्हणून माझ्याकडे नियम असा: नंबर विचारावा लागणारं कुठलंही ॲप आईवडिलांसाठी वापरायचंच नाही. विंडोजमध्ये क्विक असिस्ट आयतं असतं, होम आवृत्तीतही चालतं, पण त्यातही दर वेळी कोड वाचून दाखवावा लागतो, म्हणून तेही नको. एकदाच आपल्या हाताने कायमचं जोडून ठेवायचं आणि त्यांना सांगून ठेवायचं, "मी तुम्हाला कधीच कुठला आकडा विचारणार नाही. जो विचारेल तो मी नाही." आमच्या टीव्हीमागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत १९३० लिहून चिकटवलंय, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे गेले की पहिल्या तासात या नंबरवर फोन करावा.

पांझरा_धुळे

+१. "जो विचारेल तो मी नाही" हे आजच वडिलांना सांगतो.

गिरणाई

लाइट गेली तर काय करता, हे विचारा कोणीतरी. चैत्र लागलाय. आमच्याकडे दिवसातून दोनदा जाते. लाइट येते, टीव्ही सुरू होतो, कॉम्प्युटर मात्र मेलेला. बटण कपाटाच्या मागे. मग पुण्यातून जोडणार कशाला?

भुसावळ_यार्ड

बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जा, पॉवरच्या पानावर वीज गेल्यानंतर काय करायचं हे विचारणारी एक ओळ असते. बहुतेक मशीनला ती 'बंद राहा' वर असते, ती 'चालू हो' वर करायची. लाइट आली की मशीन स्वतः उठतं. कोडी आपोआप सुरू होईल असं स्टार्टअपमध्ये टाका.

झोपलेलं मशीन उठवायला वेक-ऑन-लॅन आहे. एक छोटा संदेश पाठवायचा: आधी सहा बाइट भरलेले, मग त्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) १६ वेळा, एकूण १०२ बाइट. नेटवर्क कार्ड झोपेतही तेवढं ऐकत असतं. पण वायफायवर भरवसा नाही, वायर जोडा, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. मुख्य अडचण अशी की हा संदेश घरातल्या घरातच फिरतो, टेलस्केलमधून सरळ जात नाही. घरात सतत चालू असणारं काहीतरी लागतं जे तुमच्या वतीने हाक मारेल. एखादा जुना रास्पबेरी पाय पुरतो.

गिरणाई

कपाट सरकवून बायोस उघडलं, केलं, मेन स्विच पाडून बघितला. उठला! 🙏

शिरपूर_फाटा

माझा प्रश्न यातच विचारतो. व्हीएनसीने जोडलं की टीव्ही चालू असेल तर नीट दिसतं, टीव्ही बंद असला की पडदा एवढुसा होतो, खिडक्या सगळ्या कोपऱ्यात. आणि सिनेमाचं सशुल्क ॲप चालू असेल तर तेवढी खिडकी काळी.

भुसावळ_यार्ड

टीव्ही बंद झाला की मशीनला वाटतं पडदाच नाही. एचडीएमआयची नकली पिन मिळते, डमी प्लग म्हणतात, ती दुसऱ्या पोर्टला लावा, दोन्हीकडे तेच चित्र ठेवा. काळ्या खिडकीला इलाज नाही. त्या सेवा चित्राला कुलूप लावूनच पाठवतात, नक्कल होऊ नये म्हणून. टीव्हीवर ते दिसत असेल तर सगळं ठीक आहे असं समजायचं.

तापीकाठची

अवांतर: बोरीकाठ दादा, व्हीएचएस कुठे करून घेतलीत? आमच्याकडे आखाजीच्या झोक्यांची एक कॅसेट आहे, माझी मावशी गाते त्यात. पांढरी बुरशी धरलीय.

बोरीकाठ

ताई, बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडवर बुरशी बसते आणि पुढची कॅसेटही जाते. आमचीही तशीच होती. जळगावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका जुन्या माणसाने ती उघडून फीत कोरड्या मऊ कापडाने हाताने पुसत पुसत गुंडाळली, दोन दिवस लागले. नंतर एकदाच वाजवली, त्या एका वेळी कॉम्प्युटरवर घेतली. मध्ये सात-आठ सेकंद नुसत्या रेघा आहेत. मावशींचा आवाज लवकर घ्या.

केळीची_बाग

उन्हाळ्याचं एक राहिलं. आपल्याकडे ४५ अंश म्हणजे नेहमीचंच. मशीन टीव्हीच्या कपाटात कोंडू नका. मार्चमध्ये उघडून पंख्यावरची धूळ ब्लोअरने काढा, काढताना पंखा बोटाने धरून ठेवा. आमच्या जुन्या डेस्कटॉपमधून निघालेली धूळ मूठभर होती, वरखेडच्या वाळूसारखी बारीक.

बोरीकाठ

आखाजीला घरी जाऊन आलो. खापरावरचे मांडे आणि रस पोटभर, मग दोन दिवस हेच काम. सगळ्यांचं ऐकलं त्याचा हिशेब देतो.

आधी आबांना विचारलं. त्यांनी सांगितलं, "माले फक्त लावणं नि बंद करनं येवाले पाहिजे." आई म्हणाली तिला कॉलही हवा. म्हणून विंडोजच ठेवलं, ११ चालतं का बघितलं तर प्रोसेसर जुना, नाही चालत. आई फक्त ब्राउझर वापरते, म्हणून पुढच्या खेपेला लिनक्स मिंट टाकेन, तोवर विंडोजला इंटरनेटचं दुसरं काही काम देत नाही. आबांसाठी यूएसबीची पिन कॉम्प्युटरला लावून चालणारा छोटा रिमोट आणला, पाच बटणांवर आईने नेलपॉलिशचे ठिपके दिले: लाल बंद, हिरवा सुरू.

रिमोट डेस्कटॉप बंद केला. टाइटव्हीएनसी आणि टेलस्केल टाकलं, अनअटेंडेड चालू, चावीची मुदत बंद. टाइटव्हीएनसीचा पासवर्ड फक्त ८ अक्षरांचाच धरला जातो हे तिथे कळलं, म्हणून फायरवॉलमध्ये व्हीएनसीच्या ५९०० पोर्टची वाट टेलस्केलच्या पत्त्यांपुरतीच ठेवली. बायोसचं केलं. आबांनी स्वतः मेन स्विच पाडला, परत वर केला आणि घड्याळ लावून बसले. एक मिनिट दहा सेकंदांनी कोडी आलं. ती वेळ त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवली. शेजारी १९३० सुद्धा.

पुण्याला आल्यावर परवा रात्री आबांचा फोन, चित्र अर्धंच. मी म्हटलं जोडू का? "जोड." मी झूम साधा केला. लग्न चालूच होतं, थांबलं नाही. मला आवाज येत नव्हता, पण फोन टीव्हीजवळ होता, त्यातून ऐकू येत होता.

आता शेवटची एक अडचण. आबांना फोल्डरची नावं देवनागरीत हवीत: ओव्या, कीर्तन, लगन, आखाजी. विंडोजमध्ये दिसतात, कोडीत चौकोन दिसतात.

केळीची_बाग

कोडीच्या सेटिंगमध्ये इंटरफेस, मग स्किन, तिथे फॉन्ट एरियलवर आधारित करा. चौकोन जातील.

बोरीकाठ

गेले. आबांना फोटो पाठवायला सांगितला. 'ओव्या' वर आहे.